पहाट नसलेला खेळ

भाऊबीज झाली की आपल्या जिल्ह्यात मंडया सुरू होतात. आज लाखनीकडच्या गावात, उद्या साकोलीकडे, परवा पवनीकडे. दिवसा शिंगाडे, ऊस, जिलेबी, लेकी-जावयांच्या भेटी आणि उपवर पोरापोरींच्या चौकश्या. दुपारी दंडार नाहीतर खडी गंमत. आणि रात्री नाटक. आपल्या झाडीपट्टीचं नाटक अडीच तासांत आटोपून प्रेक्षकाला घरी धाडत नाही. धान निघालेल्या बांधीत शामियाना पडतो, मागच्यांना दिसावं म्हणून जमीन खोदून उतार काढतात, दहा-अकराच्या पुढे कधीतरी पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत माणसं शाली-चादरी गुंडाळून थंडीत बसून राहतात. नायिकेच्या दुःखावर बायका खरोखर रडतात, खलनायकाला खरोखर शिव्या पडतात, गाण्याला वन्स मोअर मिळतो. वडशाच्या नाटक कंपन्या हंगामभर गावं बदलत फिरतात, आणि त्यांच्या मागे गावं बदलत फिरणारे प्रेक्षकही असतात.

अशा प्रेक्षकांबद्दल घरातली वडीलधारी मंडळी काय बोलायची, हे आमच्या पिढीने ऐकलेलं आहे. पोट्टा नाटकापायी वाया चालला. रात्रभर जागतो, दिवसा बांधीवर डुलक्या घेतो, तोंडात सगळे नाटकातलेच संवाद. यातलं काही खोटं नव्हतं. नाटकाच्या नादाने घराकडे पाठ फिरवलेल्या माणसांच्या कथाही गावोगाव सांगितल्या जातात. पण याच रंगभूमीवर शेकडो भूमिका आणि हजारो प्रयोग करणारे गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. त्यांनी खोट्या जगात घालवलेल्या रात्रींचा हिशेब मांडला तर कोणताही मोबाईलवाला पोरगा त्यांच्यापुढे किरकोळ ठरेल.

यंदा हा विषय डोक्यात आला तो पालकांच्या एका प्रश्नामुळे. शिक्षक भेटोत, दुकानदार भेटोत की शेतकरी, तक्रार एकच: ‘पोट्टा दिवसभर मोबाईलमंदीच रायते. हे व्यसनच ना?’ विचारणाऱ्याच्या डोक्यात तास असतात. चार तास, सहा तास, सुटीच्या दिवशी दहा तास. आमचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. तासांवरून व्यसन ठरत नाही. आणि तास कमी आहेत म्हणून निर्धास्त राहण्यातही अर्थ नाही.

संध्याकाळी कोणत्याही गावात ग्रामपंचायतीच्या ओट्याकडे पाहा. तीन पोरं रांगेने बसलेली, माना खाली, कानात इयरफोन. लांबून वाटतं, ही एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत. जवळ जाऊन ऐका. ‘झोन येऊन राहिला बे, गाडी आण.’ ‘मी नॉक झालो, रिवाइव्ह कर ना.’ ‘थांब, पहिले ग्लू वॉल टाकतो.’ त्यांच्या स्क्वाडमधला चौथा ओट्यावर नसतोच. तो चाकणच्या कारखान्यात लागलेला असतो आणि शिफ्ट संपवून भाड्याच्या खोलीतून खेळत असतो. त्याचं प्रत्यक्ष येणं दिवाळीला, फार तर मंडईला. बाकी वर्षभर तो या तिघांना भेटतो ते याच खेळात. आता या चौघांचे तास कोणत्या खात्यात टाकायचे, व्यसनाच्या की मैत्रीच्या?

तेवढ्यात घरून हाक येते, जेवाले ये. उत्तर जातं, मॅच चालू हाये. आईला ते उद्धट उत्तर वाटतं, बापाला आव्हान वाटतं, आणि मोबाईल हिसकावला जातो. घरोघरची अर्धी भांडणं या एका मिनिटात होतात. मोठ्यांना सहसा माहीत नसलेली गोष्ट अशी की ऑनलाइन मॅच मध्येच थांबवून ठेवता येत नाही. फ्री फायरच्या एका मॅचमध्ये पन्नास जण उतरतात आणि ती दहा-पंधरा मिनिटांत संपते. बीजीएमआयमध्ये शंभर उतरतात आणि साधारण अर्धा तास जातो. मध्येच उठलेला पोरगा तिघांना तोंडघशी पाडून उठतो. ‘ही मॅच झाली की ये, दुसरी लावू नको’ असं सांगून पाहा. तो त्या बोलीवर उठला तर व्यसनाची चर्चा तूर्त पुढे ढकलायला हरकत नाही. रोजच्या रोज ‘आणखी एक’ होत राहिली, तर मात्र पुढचे चार परिच्छेद तुमच्यासाठी आहेत.

इंटरनेटच्या व्यसनाची पहिली ‘लक्षणं’ १९९५ साली न्यूयॉर्कचे मनोविकारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी लिहिली, आणि ती चक्क थट्टेत लिहिली होती. मनोविकारांच्या जाड ग्रंथांची भाषा उचलून त्यांनी हा नवा आजार रचला. गंमत अंगाशी आली. लोकांनी त्यांना कळवायला सुरुवात केली की हा आजार आम्हाला आहे. पुढे २०१३ साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने गेमिंगचा विकार आपल्या ग्रंथात घेतला, पण मुख्य यादीत नाही. अधिक अभ्यास हवा, अशा शेऱ्यासह मागच्या भागात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तो आजारांच्या यादीत अधिकृतपणे घातला आणि १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू झाली. त्याआधी बऱ्याच संशोधकांनी हरकत घेतली होती. भरपूर खेळणाऱ्या निरोगी पोरांवर उगाच शिक्का बसेल, अशी त्यांची भीती होती, आणि आपल्या ओट्यावरचं दृश्य पाहता ती पोकळ म्हणता येत नाही.

आरोग्य संघटनेच्या व्याख्येत तासांचा आकडाच नाही. तिथे पाहतात ते वेगळं. खेळावर ताबा उरला आहे का? म्हणजे कधी सुरू करायचं आणि कधी थांबायचं हे खेळणारा ठरवतो की नाही. खेळ इतर सगळ्याच्या वर जाऊन बसला आहे का? जेवण, झोप, शाळा, मित्र, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टी एकेक करून मागे पडत चालल्या का? आणि नुकसान समोर दिसत असूनही खेळणं चालूच आहे का, वाढतं आहे का? हे सगळं इतकं तीव्र हवं की घर, शिक्षण किंवा काम यांत ठळक बिघाड दिसावा, आणि साधारणपणे वर्षभर टिकलेलं हवं. परीक्षेनंतरच्या सुटीत पंधरा दिवस रात्रंदिवस खेळलेला मुलगा यात बसत नाही. रोज तीनच तास खेळणारा, पण त्या तिनांसाठी खोटं बोलणारा, क्रिकेट सोडलेला, नववीत दोनदा गळपटलेला बसू शकतो. निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांचा एकत्र हिशेब २०२१ मध्ये मांडला गेला, तेव्हा या विकाराचं प्रमाण शंभरात दोन ते तीन आलं. म्हणजे आपल्याकडे ज्याला-त्याला व्यसनी म्हणतात त्यातले बहुतेक नुसते खेळवेडे आहेत. आणि प्रत्येक मोठ्या शाळेत खरोखर आजारी असलेले काही जण आहेत, ज्यांच्याकडे आपलं लक्ष नाही, कारण आपण सगळ्यांवरच सारखं ओरडतो.

नॉर्वेतल्या मॅट्स स्टीनची गोष्ट इथे सांगायलाच हवी. स्नायू क्षीण करत नेणाऱ्या जन्मजात आजारामुळे हा मुलगा चाकाच्या खुर्चीत होता आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळात आयुष्याचे हजारो तास घालवत होता. आईवडील हळहळत होते की पोराला ना मित्र मिळाले, ना प्रेम. २०१४ साली, पंचविसाव्या वर्षी तो गेला. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर बातमी टाकली आणि युरोपभरातून पत्रं येऊ लागली. खेळातल्या जगात तो इबेलिन नावाने वावरत होता, लोकांची दुःखं ऐकत होता, तुटलेली नाती जोडून देत होता. त्याच्या खेळगटातले काही जण अंत्यविधीला प्रत्यक्ष येऊन उभे राहिले. २०२४ मध्ये त्याच्यावर माहितीपट आला. तास मोजणाऱ्याला हा मुलगा व्यसनी दिसला असता. त्याच्याजवळ दुसरी कोणती जागा होती, असं कोणी विचारलं नसतं.

पण पोरांची बाजू इथपर्यंतच. नाटक आणि गेम यांत एक फरक आहे आणि तो फार मोठा आहे. नाटकाला पहाट होते. शेवटचा प्रवेश संपतो, कंपनी सामान ट्रकमध्ये भरते आणि पुढच्या गावाला निघून जाते; प्रेक्षकाला उठून घरी जावंच लागतं. हंगामही संपतो. गेममध्ये पहाट कोणी लिहिलेलीच नाही. तिथेही ‘सीझन’ असतात, पण एक संपतो न संपतो तोच दुसरा उघडतो. रोज येऊन हजेरी लावली की बक्षीस, एक दिवस चुकला की साखळी तुटली. हवा तो पोशाख सरळ विकत मिळत नाही. ‘डायमंड’ हे खेळातलं चलन खर्चून चक्र फिरवायचं, नशिबात असेल तर मिळेल. ते डायमंड येतात बापाच्या यूपीआयमधून. ही कामं करायला जगभर हुशार माणसं पगारावर बसली आहेत आणि त्यांचं यश कशात मोजलं जातं, तर आपला पोरगा उद्या पुन्हा आला की नाही यात. त्यांच्यासमोर चौदा वर्षांच्या पोराला ‘मनावर ताबा ठेव’ म्हणणं ही निव्वळ लबाडी आहे. शिवाय २०२० मध्ये शाळा बंद पडल्यावर त्याच्या हातात फोन देऊन ‘घे, शिक’ म्हणणारे आपणच होतो. शाळा उघडल्या, फोन कोणी परत घेतला नाही.

पैशाच्या खेळांचं प्रकरण याहून निराळं, आणि तिथे आम्हाला शंका नाही. तो जुगार आहे. २०२३ साली नागपूरच्या एका व्यापाऱ्याने ऑनलाइन जुगारात ५८ कोटी रुपये गेल्याची तक्रार दिली आणि पोलिसांची धाड पडली ती आपल्या शेजारच्या गोंदियात. कोट्यवधींची रोकड आणि किलोंनी सोनं सापडलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, हे बरं झालं. त्याच्या महिनाभर आधी विधान परिषदेत बसलेल्या राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाईलवर पत्त्यांचा डाव दिसल्याची चित्रफीत राज्यभर फिरली. आपण खेळत नव्हतो, असं त्यांनी सांगितलं. महिनाअखेर त्यांचं कृषिखातं गेलं आणि वाट्याला आलं क्रीडाखातं. यावर आम्ही वेगळं काही लिहिण्याची गरज नाही.

साध्या खेळांवरच्या बंद्या मात्र फारशा टिकत नाहीत. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालच्यांना मध्यरात्रीनंतर खेळायला मनाई केली. पोरं आईबापांच्या नावाने खेळत राहिली आणि दहा वर्षांनी सरकारने कायदा मागे घेतला. आपल्याकडे पबजी २०२० मध्ये बंद झाला, २०२१ मध्ये बीजीएमआय असं नाव बदलून आला. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्यांना मोबाईल बंद, असा ठराव केला. आम्हाला त्यापेक्षा सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावची रीत आवडली. तिथे त्याच वर्षी संध्याकाळी सातचा भोंगा सुरू झाला, आणि दीड तास मोबाईल नि टीव्ही बंद ठेवायचे ते सगळ्यांनी. सासू मालिका बंद करते, बाप व्हॉट्सॲप बंद करतो, तेव्हा पोरानं गेम बंद करावा या म्हणण्याला काही वजन येतं.

आणि गेम बंद करून त्यानं जायचं कुठे? संध्याकाळी सहानंतर आपल्या गावांत सोळा वर्षांच्या मुलासाठी काय उघडं असतं, हे एकदा फिरून पाहा. शाळेच्या मैदानाला कुलूप, वाचनालय नावालाच, व्यायामशाळेत ग्रामपंचायतीचं सामान. मुलींना तर ओटासुद्धा नाही. त्यांच्यातल्या खेळणाऱ्या घरात लपून खेळतात, आणि पुष्कळदा मुलाचं नाव घेऊन, कारण मुलगी आहे हे कळताच तिकडेही घाण बोलणारे भेटतात. या मुलींचे तास कोणी मोजलेले नाहीत.

तेव्हा वाचकहो, एवढं करून पाहा. या मंडईच्या दिवसांत पोराच्या शेजारी बसून एक मॅच सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहा आणि त्याला समजावून सांगायला लावा. मग एका रात्री त्याला नाटकाला न्या. चाकणहून आलेल्या चौथ्यालाही घ्या. आणि पोराची झोप, जेवण, शाळा, माणसं सगळंच सुटत चाललं असेल, तर देवऋषी आणि पट्टा दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत अशा रुग्णांसाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक चालतं. तेवढ्या लांब जाणं जमणार नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेला फोन करा. क्रमांक १४४१६. चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.


संपादक