डोम कॅमेरा घेताना

दुपारी घरी एकट्याच असणाऱ्या बऱ्याच जणी हल्ली दारावर कॅमेरा बसवून घेतात. छताला लागून बसणारा घुमटाच्या आकाराचा डोम कॅमेरा आटोपशीर असतो. शिवाय घुमट काळपट असला, तर त्याचा रोख कुठे आहे ते येणाऱ्याला चटकन कळत नाही. पण दुकानदार दाखवील तोच घेऊ नका बरं! आपल्याला काय पाहायचंय ते आधी ठरवा.

खोली किंवा छोटं दुकान सबंध दिसायला २.८ मि.मी.चं भिंग पुरतं. लांब फाटकाशी कोण उभं आहे ते ओळखायचं, तर ६ मि.मी.चं बरं. पावसाची झड लागत असेल तर आयपी ६६, हात पोचेल अशा जागी आयके १० लिहिलेलं पाहून घ्या. हा ठोसे सोसतो. आठ-नऊ फूट उंची पुरे. फार वर बसवलात, तर नुसते भांगच दिसायचे!

घुमटावर धूळ-जळमटं साचली की रात्रीचं चित्र पांढुरकं येतं. मऊ सुती फडक्यानं पुसत जा. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला.

आणि हो, पहारा दारावर असावा, माणसांवर नव्हे. शेजारणीचं दार किंवा सुनेची खोली त्यात येत नाही ना, एवढं जरूर बघा.