आधी होडी काढा, मग बिल पाठवा

पावसाळा संपल्यावर आपल्या शाळेच्या सातवी-आठवीच्या मुलांनी नदीकाठची सफाई केली. पोत्यांनी प्लॅस्टिक निघाले, बाटल्या निघाल्या, कुजलेल्या जाळ्यांचे गुंडाळे निघाले. सगळे पंचायतीच्या ट्रकात चढले. राहिली ती एक फायबरची होडी. चिखलात कुशीवर कलंडलेली, आत पाणी साचलेले आणि त्यात डासांच्या अळ्या. "सर, हा कचरा नाही का?" एका मुलीने विचारले. मी म्हटले, "ती कुणाची तरी मालमत्ता आहे." उत्तर चुकीचे नव्हते, पण तिला ते पटले नाही. खरे सांगायचे तर मलाही नाही.

नंतर पालकसभेत हा विषय निघाला तेव्हा बहुतेकांचे मत एकच होते: ज्याची होडी त्याने काढावी, आमच्या कराच्या पैशांतून कशाला? ऐकायला हे न्यायाचे वाटते. पण गोव्याने या एका वाक्याची किंमत एकदा मोजलेली आहे.

६ जून २००० रोजी 'रिव्हर प्रिन्सेस' हे सुमारे २४० मीटर लांबीचे खनिजवाहू जहाज कांदोळी-सिकेरीच्या किनाऱ्यालगत वाळूत रुतले. ते कोणी काढायचे, कोणाच्या खर्चाने काढायचे, यावर वाद सुरू झाले. २००१ मध्ये राज्याला पर्यटनस्थळांच्या संरक्षणासाठी खास कायदा करावा लागला. मग निविदा निघाल्या, रद्द झाल्या, पुन्हा निघाल्या. इकडे दर पावसाळ्यात जहाज आणखी खाली बसत होते, पोटात वाळू भरत होती आणि काम अधिक अवघड होत होते. शॅकवाल्यांनी आणि गावकऱ्यांनी किनारा खचताना पाहिला. शेवटी तुकडे करून ते हलवण्याचे काम २०१२ पर्यंत चालले. म्हणजे त्या जून महिन्यात जन्मलेले मूल तोवर सहावी-सातवीत पोचले होते! या एका तपात जनतेचा पैसा वाचला असे कोणी म्हणेल का?

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये 'नु शी नलिनी' हे खलाशी नसलेले जहाज वादळी समुद्रात भरकटून दोना पावला येथे राजभवनाखालच्या खडकांना लागले. आत दोन हजार टनांहून अधिक नाफ्ता होता. तो आधी बाहेर काढणे भाग होते. खर्च कोणाचा या वादासाठी नाफ्ता थांबला नसता. माझे म्हणणे एवढेच की हा क्रम लहान होड्यांनाही लावावा. आधी काढणे, मग वसुली.

मोठ्या जहाजांची थोडीफार सोय झाली आहे. बुडीत जहाजे हटवण्याबाबतचा नैरोबी करार २००७ चा. भारत त्यात २०११ मध्ये सामील झाला. त्यानुसार ३०० टन आणि त्यावरील जहाजांच्या मालकाला हटवण्याच्या खर्चाचा विमा ठेवावा लागतो. आपल्या खाडीतली होडी, जुना ट्रॉलर या हिशेबात कुठेच बसत नाहीत.

शिवाय भंगाराचा भाव हा खरा न्यायाधीश आहे. लोखंडाला गिऱ्हाईक असते. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्यावर कामाविना उभ्या राहिलेल्या कितीतरी बार्ज भंगारात गेल्या. फायबरला मात्र कोणी विचारत नाही. ते जाळता येत नाही, कुजत नाही, तोडायला उलट पैसे पडतात. म्हणून इंजिन विकले जाते आणि होडी तिथेच राहते. पाण्याखाली गेली की जाळी अडकून फाटतात, भरतीच्या वेळी दुसऱ्या होड्यांना धोका होतो.

आणि मालक कोण असतो? आपल्याच वर्गातल्या एखाद्या मुलाचे आजोबा असतात. म्हातारपणी समुद्र सुटला, मुलगे बोटीवर किंवा आखातात गेले, होडी काठावर राहिली. अशा माणसाला मोठा दंड लावला तर तो भरणार नाही. रात्री जाऊन नंबर खरवडून येईल, म्हणजे मालकही गेला आणि पुरावाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो मला वजनदार वाटतो. सरकार फुकट काढून देते म्हटल्यावर सगळेच होड्या टाकून देतील. यासाठीच निधीत मालकांचाही वाटा हवा. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २००२ मध्ये असा कायदा केला. बोटीच्या नोंदणीबरोबर थोडी रक्कम घेतली जाते, तिचा निधी होतो आणि त्यातून बेवारस बोटी हटवल्या जातात. मालक सापडला तर वसुलीही होते. पुढे त्यांनी मोडकळीला आलेली बोट मालकाने स्वतः आणून देण्याचीही सोय केली. टाकून दिल्यावर काढण्यापेक्षा ते स्वस्त पडते, हे सांगायला अर्थतज्ज्ञ नको.

आपल्याकडे अगदी कोऱ्या पाटीवर सुरुवात करायची नाही. अंतर्गत जलमार्गांवरील जहाजांसाठी २०२१ चा जो केंद्रीय कायदा आहे, त्यात प्रत्येक राज्याने विकास निधी उभारावा अशी तरतूद आहे. प्रदूषण रोखणे हा त्याचा एक हेतू, आणि बुडीत जहाजांच्या विक्रीची रक्कमही त्यात जमा व्हायची आहे. मासेमारीच्या होड्यांची नोंदणी वेगळ्या खात्याकडे असते, म्हणून त्यांच्यासाठी असाच वेगळा कप्पा लागेल. सुरुवातीची रक्कम सरकारने घालावी, पुढे नोंदणीच्या वेळी ट्रॉलरकडून जास्त आणि लहान होडीकडून नाममात्र घ्यावे. वर्षातून एक दिवस असा ठेवावा की जुनी होडी धक्क्यावर आणून दिली तर कोणी प्रश्न विचारणार नाही. एवढे केल्यावरही जो नंबर खरवडेल, त्याला खुशाल दंड करावा.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे. दोन-चार पालक बरोबर आले तर बरे होईल, विशेषतः ज्यांच्या घरी होडी आहे असे. त्या मुलीने सफाईच्या दिवशीच होडीच्या नाळेवरचा नंबर वहीत उतरवून घेतला आहे. शेवटचे दोन आकडे पुसट आहेत, पण वाचता येतात.