मैदान सोडावं का?

आपल्या मंडळातल्या कितीतरी मुलांच्या अंगात रविवारी सकाळी फुटबॉल क्लबांचे टीशर्ट दिसतात. कोणी आर्सेनलचा, कोणी लिव्हरपूलचा, एखादा मुंबई सिटीचा. घरातली मोठी माणसं म्हणतात, आपला काय संबंध? मला वाटतं, संबंध आहे. क्लबाने आपलं जुनं मैदान सोडून नव्या स्टेडियममध्ये जावं की नाही, या वादापुरता तर नक्कीच आहे. कारण तो वाद फुटबॉलइतकाच घराचाही आहे, आणि सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला घर सोडणं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

ताजं उदाहरण एव्हर्टनचं. लिव्हरपूल शहरातला हा क्लब 1892 पासून गुडिसन पार्कवर खेळत होता. 18 मे 2025 रोजी पुरुष संघ तिथे शेवटचा सामना खेळला आणि 133 वर्षांचा मुक्काम हलला. गोदीकाठी उभ्या राहिलेल्या नव्या स्टेडियममध्ये जवळपास 53 हजार माणसं बसतात, गुडिसनमध्ये 39 हजारांच्या आसपास बसत. जुन्या मैदानाला वाढायला जागाच नव्हती. आजूबाजूला घरं, एका कोपऱ्यात चर्च. कितीतरी खुर्च्यांसमोर खांब यायचा, म्हणजे तिकीट काढून गोल ऐकायचा, बघायचा नाही. पण त्याच मैदानाच्या कडेला अनेक चाहत्यांच्या अस्थी पुरलेल्या आहेत. आता सांगा, सोडायचं की नाही?

यातली गंमत पुढेच आहे. एव्हर्टनने घर बदलण्याची ही पहिली वेळ नव्हती. गुडिसनच्या आधी हा क्लब अ‍ॅनफिल्डवर खेळायचा. जागेच्या भाड्यावरून जॉन हौल्डिंग यांच्याशी वाद झाला, क्लब उठून पलीकडे गेला आणि रिकाम्या मैदानावर हौल्डिंग यांनी नवा क्लब काढला. तोच आजचा लिव्हरपूल. म्हणजे आज ज्याला आपण ‘ऐतिहासिक घर’ म्हणतो, ते कधीकाळी भांडून घेतलेलं नवं बिऱ्हाडच होतं.

असा इतिहास आपल्याकडेही आहे, फक्त तो क्रिकेटचा आहे. भारतातला पहिला कसोटी सामना डिसेंबर 1933 मध्ये बॉम्बे जिमखान्यावर झाला. लाला अमरनाथ यांनी पदार्पणातच शतक ठोकलं. पण त्या जिमखान्यात हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हतं. मैदान मुंबईच्या मधोमध, आणि ज्यांचा संघ खेळतोय तेच तिथे पाहुणे. 1937 मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियम उघडलं, तेव्हा ही अडचण सुटली असं वाटलं. त्याच वर्षी पंचरंगी सामन्यांतून हिंदूंच्या संघाने माघार घेतली. कारण काय, तर नव्या स्टेडियममध्ये जागा किती मिळणार यावरचा तंटा!

पस्तीसेक वर्षांनी तोच तंटा पुन्हा उभा राहिला. ब्रेबॉर्नची मालकी क्रिकेट क्लब ऑफ इंडियाची, सामने भरवायचे ते बॉम्बे क्रिकेट असोसिएशनने. असोसिएशनच्या वाट्याला तिकिटं किती, यावर एकमत होईना. तेव्हा असोसिएशनचे अध्यक्ष होते शेषराव वानखेडे, विदर्भातले राजकारणी, विधानसभेचे अध्यक्ष. त्यांनी आपलंच स्टेडियम बांधायचं ठरवलं आणि ब्रेबॉर्नपासून चालत काही मिनिटांवर ते उभं करून दाखवलं. जानेवारी 1975 मध्ये तिथे वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडने नाबाद 242 केल्या. त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी मारलं आणि दंगा झाला. मुहूर्त काही फार शुभ नव्हता.

जुनी माणसं ब्रेबॉर्नसाठी हळहळली आणि ते बरोबरच होतं, इतकं देखणं मैदान देशात क्वचितच असेल. पण पुढे काय झालं बघा. 2011 चा विश्वचषक वानखेडेवर जिंकला. सचिन तेंडुलकरने 2013 मध्ये निरोप घेतला तोही वानखेडेवर. आज मुंबईकराला विचारा, तुझं मैदान कुठलं? तो ‘वानखेडे’ म्हणेल. आठवणींनी पत्ता बदलला, त्याला एक पिढी लागली एवढंच. आणि ब्रेबॉर्न मेलं नाही. डिसेंबर 2009 मध्ये वानखेडेची दुरुस्ती सुरू असताना कसोटी तिथे परतली, सेहवागने 293 केल्या आणि भारत क्रमवारीत पहिल्या क्रमांकावर पोचला. जुनं घर नीट ठेवलं तर असं कामाला येतं.

मग जागा सोडली की सगळं ठीकच होतं का? नाही. लंडनच्या दोन क्लबांकडे बघा. आर्सेनलने 2006 मध्ये हायबरी सोडलं, पण नवं स्टेडियम त्याच भागात, जवळच बांधलं. जुन्या स्टेडियमच्या दर्शनी भिंती राखून तिथे घरं झाली. वेस्ट हॅमने 2016 मध्ये अप्टन पार्क सोडलं आणि ऑलिंपिकसाठी बांधलेल्या स्टेडियममध्ये मुक्काम हलवला. ते धावपटूंसाठी आखलेलं, त्यामुळे प्रेक्षक मैदानापासून लांब पडले. दोन वर्षांच्या आत चिडलेले चाहते सामना चालू असताना मैदानात उतरले. जागा मोठी मिळाली, पण जवळीक गेली.

आपल्याला तर लंडनलाही जायला नको. खजोदचं डायमंड बुर्स बघा. डिसेंबर 2023 मध्ये थाटात उद्घाटन झालं. साडेचार हजारांहून अधिक कार्यालयं. पण महिधरपुऱ्यात रस्त्यावर, स्कूटरला टेकून हिरा उजेडात धरणारा व्यापारी लगेच तिकडे गेला नाही. कितीतरी दारं बराच काळ बंद राहिली. मी स्वतः रिंग रोडच्या कापड मार्केटात आयुष्य काढलंय, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही. बाजार म्हणजे गाळे नव्हेत. समोरच्या गाळ्यावरचा ओळखीचा माणूस, खालचा चहावाला आणि उधारीवर चालणारा शब्द, हा बाजार. इमारत बांधता येते, हे सगळं आपल्या पायांनी चालत यावं लागतं.

कोल्हापूरच्या फुटबॉलकडे बघितलं की हे आणखी स्पष्ट होतं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, या तालमींच्या संघांना स्वतःचं स्टेडियम नाही. सगळे एकाच शाहू स्टेडियमवर खेळतात. तरी कोणी त्यांना बेघर म्हणणार नाही, कारण त्यांचं घर पेठेत आहे, तालमीत आहे. उद्या स्टेडियम बदललं तर कुरकुर होईल. पण पेठेतल्या माणसाला तिथे जाणं परवडेनासं झालं, तर मात्र संघच संपेल.

म्हणून माझं मत असं. क्लबाने मैदान सोडायला हरकत नाही. खांबाआड बसवून परंपरा सांगण्यात अर्थ नाही. पण निघण्याआधी मालकाने दोन गोष्टींची उत्तरं द्यावीत. सर्वांत स्वस्त तिकीट काढणारा माणूस नव्या जागी येऊ शकेल का? आणि त्याला कोणी विचारलं का? एव्हर्टनने आधी शहराबाहेर, कर्कबीला जायचा घाट घातला होता. 2007 मध्ये चाहत्यांचं मतदान घेतलं, कौल बाजूने आला, तरी ‘आपलं शहर सोडू नका’ म्हणणारे चाहते गप्प बसले नाहीत. 2009 मध्ये सरकारनेच ती योजना नाकारली. शेवटी क्लब शहरातच राहिला. उशीर झाला, पण आजोबा आणि नातू दोघांनाही जाता येईल अशी जागा मिळाली.

एव्हर्टनची आणखी एक गोष्ट मला मनापासून आवडली. गुडिसन पाडायचं ठरलं होतं. तो बेत बदलून ते आता महिला संघाला दिलंय. कुलूप नाही, नुसता स्मारकाचा दगडही नाही. मुली तिथे खेळतात.

हे वाचलं तेव्हा मला आमचं अमळनेरचं घर आठवलं. वडील तापी लाइनच्या गाडीने उधन्याला उतरले, त्याला साठ वर्षं होत आली. आम्ही इथेच रुजलो. तिकडचं घर मात्र कुलपात आहे. विकूया म्हटलं की एका भावाच्या डोळ्यांत पाणी येतं, ठेवूया म्हटलं की कौलं कोण शाकारणार हा प्रश्न. तुमच्यापैकी निम्म्या घरांत हीच चर्चा दर दिवाळीला होत असेल, मग गाव धुळ्याकडचं असो की नंदुरबारकडचं. आम्ही यंदा ठरवतोय की पुढच्या दोन खोल्या गल्लीतल्या मुलांना अभ्यासाला द्यायच्या. वीजबिल आम्ही भरू. धाकट्या भावाचा अजून होकार आलेला नाही, वाट बघतोय.

तुमच्या लाडक्या क्लबाने घर बदललं तर तुम्ही तिकडे जाल, की टीशर्ट कपाटात ठेवाल? आणि गावाकडच्या घराचं तुमच्याकडे काय ठरलं? दोन्हींपैकी एकाचं तरी उत्तर कळवा. पुढच्या अंकात त्यावर बोलू.