घाटापलीकडच्या तीस तबकड्या



शहापूरच्या एका भगिनीने विचारलं आहे, "मुलगी नववीत आहे. विज्ञानाच्या पुस्तकात दुर्बिणीचा धडा वाचल्यापासून मागे लागली आहे की खरी दुर्बीण दाखवा. पण ती तर युनिव्हर्सिटीच्या माणसांची जागा. आपल्यासारख्यांना आत सोडतात का?"

सोडतात. आणि त्यासाठी फार लांब जावं लागत नाही, माळशेज चढला की झालं.

मुरबाड-शहापूरकडच्या कितीतरी घरांची सोयरीक जुन्नर-नारायणगावला आहे. शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला यायचं, टोकावडे मागे टाकायचं, घाट चढायचा. पावसाळ्यात धबधब्याखाली मुलं भिजवायची, कणसं खायची आणि बहुतेकजण तिथूनच मागे फिरतात. पुढे ओतूरहून जुन्नरमार्गे किंवा सरळ आळेफाट्यावरून नारायणगाव गाठलं, की त्याच्या पूर्वेला खोडद आहे. टोमॅटो-द्राक्षांच्या त्या मुलखात जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक उभी आहे. तिचं नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. ती चालवणारी संस्था टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग आहे. ही टाटा संस्था स्वतः अभिमत विद्यापीठ आहे आणि दुर्बिणीचं मुख्य कार्यालय पुणे विद्यापीठाच्या आवारात आहे. म्हणजे जागा युनिव्हर्सिटीचीच, पण पाहुण्यांना मज्जाव असलेली नाही. राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, तिथे मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं. आसपासच्या शाळांची मुलं आपापले प्रयोग मांडतात आणि गावकरीही पाहायला येतात.

मुलांना नेण्याआधी एक गोष्ट घरीच सांगून ठेवा, नाहीतर ती हिरमुसतात. तिथे डोळा लावून पाहण्याची नळी नाही. ही दुर्बीण पाहत नाही, ऐकते म्हणा हवं तर. आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी ती टिपते आणि पुढचं काम संगणक करतो. म्हणून ती दिवसाही चालते. एकूण ३० तबकड्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. एखादी पंधरा मजली इमारत आडवी घातल्यासारखी ही तबकडी, आणि ती हवी त्या दिशेला वळते! त्यातल्या १४ मधल्या साधारण चौरस किलोमीटरभर जागेत आहेत, बाकीच्या १६ तीन दिशांना गावागावांच्या शेतांतून पसरलेल्या. सगळ्या मिळून एकच दुर्बीण होते, सुमारे २५ किलोमीटर पसरलेली.

जवळून पाहिलं की तबकडी भरीव पत्र्याची नाही, हे लक्षात येतं. पोलादी तारांची बारीक जाळी दोरांच्या ताणावर बसवली आहे. इथे टिपायच्या लहरी लांब, त्यामुळे जाळीच्या भोकांतून त्या निसटत नाहीत. वारा मात्र आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका करता आला आणि खर्चही वाचला. ही युक्ती प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. मुलींना ही जाळी दाखवाच. कमी पैशात मोठं काम कसं करायचं, हे आपल्या घरातल्या बायकांना वेगळं शिकवायला नको, पण तेच डोकं विज्ञानातही चालतं हे मुलींच्या कानावर घालायला हवं.

गोविंद स्वरूपांची आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्याची आहे आणि आपल्यालाच ठाऊक नाही. १९६५ साली त्यांनी देशातली सुरुवातीची रेडिओ दुर्बीण उभारली ती कल्याणला! ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या सहा-सहा फुटांच्या ३२ तबकड्या मांडून तिथे सूर्याचा अभ्यास होई. आसनगावहून रोज लोकल पकडून आपण ज्या कल्याणवरून जातो, तेच हे कल्याण. तिथून पुढे उटी आणि मग खोडद.

खोडदची दुर्बीण २००२ पासून जगभरच्या संशोधकांना खुली आहे. कुठल्याही देशाच्या माणसाने अर्ज करावा, विषय चांगला असेल तर वेळ मिळतो. २०२३ साली कॅनडा आणि बंगळुरूच्या संशोधकांनी तिच्या साहाय्याने एका दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संदेश पकडल्याचं जाहीर केलं. तो सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाला होता.

आपल्या भागातला शेतकरी रोहिणीचं नक्षत्र कधी लागतं ते बोटावर सांगतो. त्या रोहिणीच्या ताऱ्याला इंग्रजीत अल्डेबरन म्हणतात आणि ते अरबी 'अद्-दबरान'वरून आलं. अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी इसवी सन ९६४ च्या सुमारास ताऱ्यांचं पुस्तक लिहिलं. अशी अनेक अरबी नावं आजही नकाशांवर आहेत. मुलांना हे सांगायला हरकत नाही, मात्र नुसता जुना अभिमान मिरवून येऊ नये. तिथल्या माणसाला आजचा प्रश्न विचारावा.

आता व्यवहाराचं. २०२६ आणि २०२७ या दोन्ही वर्षी २८ फेब्रुवारी रमजानमध्ये येते. रोजा ठेवून उन्हात पायपीट आणि घाटाचा प्रवास लहानांना झेपेलच असं नाही. अशा वर्षी संस्थेला आधी लिहून भेटीचा दुसरा दिवस मागावा. जुलै-ऑगस्टमध्ये माळशेजला दरडी कोसळतात, ते महिने टाळलेले बरे. मोबाईल तिथे बंद ठेवावा लागतो, कारण त्याच्या लहरींनी दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येतो. सेल्फीवाल्या भाच्यांना हे निघतानाच बजावा.

जीप भरायची असेल तर एका घरापेक्षा तीन-चार घरांनी मिळून जावं, आणि मुलींसोबत त्यांच्या अम्मींनी जावं. मामूंवर सोपवू नये. दहावीनंतर मुलीला सायन्स घेऊ द्यायचं की नाही, हे बहुतेक घरांत अम्मीच्या मतावर ठरतं. तिने ती जागा आणि तिथे काम करणाऱ्या बायका स्वतः पाहिलेल्या बऱ्या. परतताना जुन्नरला जोहर पढून हबशी घुमटही बघता येईल. त्याच्यावर पुन्हा कधीतरी.

पत्र शाळेच्या लेटरहेडवर गेलं तर उत्तम. मुलांची इयत्ता, संख्या आणि बरोबरच्या मोठ्यांची नावं त्यात असावीत. प्रत्येक मुलाने आपला एक प्रश्न कागदावर लिहून खिशात ठेवावा. शहापूरच्या त्या मुलीचा प्रश्न तिच्या अम्मीने कळवला आहे: जाळीतून पाऊस पडतो, मग लहर का पडत नाही?