हप्त्याचे पंचांग आणि शेताचे पंचांग

नोव्हेंबर २०२३ मध्ये हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यात, गोरेगाव परिसरातील काही शेतकऱ्यांनी मुख्यमंत्र्यांच्या नावे एक दरपत्रक लिहिले. मूत्रपिंड ७५ हजार रुपये, यकृत ९० हजार, डोळे २५ हजार. हे अवयव शासनाने विकत घ्यावेत व त्या रकमेतून बँकेचे कर्ज वळते करून घ्यावे, अशी त्यांची मागणी होती. बातमी गाजली, काहींना ती आंदोलनाची नाट्यमय तऱ्हा वाटली, आणि मग ती मागे पडली. पण त्या कागदाकडे नीट पाहिले तर तो एक ताळेबंदच होता. देणे एका बाजूला, विकण्याजोगे जे उरले ते दुसऱ्या बाजूला. जमीन, बैल, सोने यांच्या जागी शरीर आले होते, इतकाच फरक.

म्हणूनच 'घरखर्चाचे अंदाजपत्रक करा, कर्ज फिटेल' हा उपदेश हिंगोलीत ऐकू येतो तेव्हा तो कानाला बोचतो. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे मराठी माणसाला लहानपणापासून सांगितले जाते. अंथरूण दरसाल आखूड कोण करतो, हे मात्र सांगणारा सोयीस्करपणे विसरतो. तरीही उपदेश करणारा चुकतो म्हणून वही चुकीची ठरत नाही. समाजवादी चळवळीला तरी घरच्या हिशेबाचे वावडे असण्याचे कारण नाही. १९६३ साली लोकसभेत राममनोहर लोहियांनी देशातील सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात असे ठणकावून सांगितले, नेहरूंनी पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला, आणि गरिबाच्या घरचा जमाखर्च हा साऱ्या देशाच्या वादाचा विषय झाला. ती परंपरा पुढे भाषणांत उरली. ओसरीवर बसून आणे मोजण्याचे काम मात्र मागे पडले.

हिंगोलीतले आजचे कर्ज एकपदरी नाही. पीककर्ज हा त्यातला एक, आणि बहुधा सर्वांत स्वस्त पदर. मुदतीत फेडले तर तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर महाराष्ट्रातील शेतकऱ्याला व्याज पडत नाही. पण एक हंगाम बुडाला, खाते थकले, की नवे पीककर्ज मिळत नाही. मग पेरणीसाठी घरातली बाई गटामार्फत सूक्ष्म वित्त कंपनीकडे जाते. तिथे व्याज शेकडा चोवीसच्या आसपास. तेही अपुरे पडले तर गावातला हातउसना, शेकडा पाच महिना, म्हणजे वर्षाला साठ. शून्य टक्क्यांच्या दारातून बाहेर काढलेला माणूस साठ टक्क्यांच्या दारात जाऊन उभा राहतो. यात त्याच्या उधळेपणाचा भाग किती आणि बँकेच्या नियमाचा किती, हे वही मांडल्याखेरीज कळत नाही.

शहरातल्या पगारदाराची कथा निराळी असली तरी गणित त्याच कुळातले आहे. हिंगोली, वसमतमधल्या तरुण शिक्षकांकडे नि कर्मचाऱ्यांकडे आता क्रेडिट कार्ड आहे आणि मोबाइलवर वैयक्तिक कर्ज आहे. कार्डाच्या थकबाकीवर महिना साडेतीन टक्के व्याज लागले, तर वीस हजारांवर एका महिन्याचे सातशे रुपये होतात. त्यावर अठरा टक्के करापोटी आणखी १२६. 'किमान देय' म्हणून पाच टक्के, म्हणजे हजार रुपये भरणाऱ्याचे मुद्दल त्या महिन्यात अवघे १७४ रुपयांनी घटते. ग्राहक आयोगाने २००८ साली अशा व्याजावर तीस टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ती रद्द केली. पगारदाराने महिन्याचे अंदाजपत्रक करून, कार्ड कपाटात ठेवून, आधी ही बाकी फेडावी, हा सल्ला निखालस योग्य आहे. त्याचे उत्पन्न महिन्याचे आहे आणि हप्ताही महिन्याचाच.

शेतकऱ्याच्या आणि शेतमजुराच्या घरी ही जोडी जुळत नाही, आणि खरा प्रश्न इथेच आहे.

सेनगाव तालुक्यातले तीन एकर कोरडवाहूचे एक घर कल्पून पाहावे. एकरी सहा क्विंटल सोयाबीन धरले तर अठरा क्विंटल. २०२४-२५ साठी केंद्राचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. त्या दराने ८८,०५६ रुपये हाती यावयास हवेत. बाजारात ४,२०० चा भाव पडला तर ७५,६०० येतात. बियाणे, खत, फवारणी, कापणी, मळणी मिळून ४५ हजार वजा जाता उरतात ३०,६००. याच घरात सूक्ष्म वित्ताची चाळीस-चाळीस हजारांची दोन कर्जे आहेत असे धरू. चोवीस टक्के व्याजाने, चोवीस महिन्यांच्या मुदतीत, एकाचा हप्ता सुमारे २,११५ रुपये पडतो, दोहोंचा ४,२३०. वर्षाला पन्नास हजार सातशेहून अधिक. सोयाबीनची सारी शिल्लक त्यात घातली तरी वीस हजारांचा खड्डा उरतो, आणि तो हरभऱ्याने व मजुरीने भरावयाचा. मीठ, तेल, दवाखाना, शाळा अद्याप मांडलेलेच नाही.

कायद्याच्या दृष्टीने या घराला मात्र कसलाही धोका नाही. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सर्व हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. घराचे वार्षिक उत्पन्न एक लाख वीस हजार दाखवले की महिन्याचे दहा हजार झाले, निम्मे पाच हजार, आणि ४,२३० त्यात आरामात बसतात. पण हे दहा हजार कोणत्या महिन्यात येतात? जुलै-ऑगस्टमध्ये त्या घरात निंदणीची मजुरी तेवढी येते, तीही पावसाने उघडीप दिली तर. सोयाबीनचा पैसा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांची हळद जूनमध्ये लागते, आणि काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून वसमतच्या किंवा हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात ती पोहोचेतो मार्च उलटून जातो. सरासरी हा शब्द पगारदाराच्या बाबतीत खरे बोलतो आणि शेतकऱ्याच्या बाबतीत खोटे. वर्षातून दोनदा पिकणाऱ्या घरावर बारा वेळा, कोठे कोठे पंधरवड्यालाही, वसुली लादली की मधले हप्ते नव्या कर्जाखेरीज भरलेच जात नाहीत. एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर घालण्याचा हा खेळ शेतकरी हौसेने खेळत नाही. हप्त्याचे पंचांग त्याला तो खेळावयास लावते.

याचा सर्वाधिक भार बाईवर पडतो. कर्ज तिच्या नावे, हमी गटातल्या शेजारणींची. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांनी वर्गणी करून भरावयाचा, आणि मग पाणवठ्यावर, लग्नकार्यात तिच्याशी बोलणे तुटावयाचे. कंपनीला वसुलीसाठी दंडुका लागत नाही, शेजारधर्मच दंडुक्याचे काम करतो. पुष्कळ घरांत नवऱ्याला एक कर्ज ठाऊक असते, बायकोला दुसरे, आणि दोघांनाही बेरीज ठाऊक नसते.

कर्जमाफीच्या घोषणांनी या बेरजेला हात लावलेला नाही. २००८ ची केंद्राची माफी, २०१७ ची राज्याची दीड लाखांपर्यंतची, २०१९ ची दोन लाखांपर्यंतची, या सर्व शेतीच्या कर्जापुरत्या होत्या. परवानाधारक सावकाराच्या कर्जासाठी २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यापुरती एक योजना निघाली खरी. पण गावातला उसनवारी देणारा परवाना घेऊन बसलेला नसतो. भूमिहीन मजुराला, गटातल्या बाईला, कार्डाच्या बाकीत बुडालेल्या विनाअनुदानित शाळेच्या शिक्षकाला यांपैकी कशाचाही लाभ नाही. कर्जमुक्तीची मागणी सोडावी असा याचा अर्थ नव्हे. पण सभेत ती मागणी करून परतणाऱ्या कार्यकर्त्याला आपल्याच गल्लीतल्या घरावर एकूण किती देणे आहे हे सांगता येत नसेल, तर त्या मागणीत काहीतरी पोकळ आहे, हे मान्य करावयास हवे.

हिशेबाची वही आजवर सावकाराच्या हाती राहिली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकरी उठले आणि दंगा पसरत गेला तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. कागद मिळवून ते जाळण्यात आले. पुढे १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्याने न्यायालयाला रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याची मुभा दिली. शेतकऱ्याला पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्कही दिला. हक्क मिळाला, पण वाचता न येणाऱ्याच्या हाती तो कोराच राहिला. आज मोबाइलवर आलेला करार न वाचता अंगठा टेकवणारा सुशिक्षित त्याच रांगेत उभा आहे.

तेव्हा वही लिहावी, पण ती वर्षाची असावी. जूनपासून मेपर्यंत बारा रकाने, त्यांत कोणत्या महिन्यात पैसा येतो व कोणत्या महिन्यात जातो हे नवरा-बायकोने मिळून मांडावे. त्याखाली प्रत्येक कर्ज, त्याचा खरा वार्षिक दर आणि उरलेले मुद्दल. सर्वांत महाग कर्ज आधी फेडावे हा सामान्य नियम. अपवाद पीककर्जाचा, कारण ते मुदतीत फिरवले तरच स्वस्त पैशाचे दार उघडे राहते. सूक्ष्म वित्ताचे कर्ज मुदतीआधी फेडल्यास दंड आकारता येत नाही. वर सांगितलेल्या कर्जाचे बारा हप्ते भरून झाले असतील तर बाकी सुमारे २२,३६५ रुपये राहते. ती नोव्हेंबरमध्ये एकरकमी फेडली तर तीन हजारांचे व्याज वाचते आणि पुढच्या आषाढात एक हप्ता कमी भरावा लागतो.

परंतु वहीचा याहून मोठा उपयोग आहे. रिझर्व्ह बँकेच्या त्याच निर्देशांत, परतफेडीचा कालावधी कर्जदाराच्या गरजेनुसार लवचीक ठेवण्याचे धोरण कंपन्यांनी करावे, असे म्हटले आहे. वसुली ठरलेल्या जागी व्हावी, सकाळी नऊच्या आधी व सायंकाळी सहानंतर तगादा नसावा, कर्जाचे माहितीपत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, हेही आहे. हळदीचा हप्ता एप्रिल-मेमध्ये आणि सोयाबीनचा नोव्हेंबरमध्ये घ्या, ही मागणी त्यामुळे दयेची नव्हे, नियमातली ठरते. एका गावातल्या चाळीस घरांच्या चाळीस वह्या कंपनीच्या शाखेत, जिल्हाधिकाऱ्यांपुढे, जिल्ह्याच्या अग्रणी बँकेपुढे ठेवल्या तर ती नाकारणे सोपे जाणार नाही. हमीभाव आणि बाजारभाव यांतली तफावतही त्याच पानावर दिसेल. वरच्या उदाहरणात ती १२,४५६ रुपये आहे, म्हणजे एका कर्जाचे जवळजवळ सहा हप्ते. घरातल्या काटकसरीने हे सहा हप्ते कोठून निघावयाचे, हे उपदेशकांनी त्या पानावर मांडून दाखवावे.

परवाना नसलेल्या सावकाराविरुद्ध २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे, जिल्हा निबंधकाकडे तक्रार करता येते. पण तिथेही प्रथम विचारले जाते ते पुराव्याचे. कधी किती घेतले, कधी किती दिले, याची तारीखवार नोंद असलेली साधी वही त्या वेळी फार कामाची ठरते.

तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी हे काम दसऱ्याच्या आधी हाती घ्यावे. सोयाबीन विकून पैसा घरात आल्यावर उशीर झालेला असतो. कृषी केंद्राची उधारी, हातउसने देणारा आणि हप्ता नेणारा, तिघेही त्याच आठवड्यात दारात उभे असतात, आणि आधी कोणाला द्यावयाचे हे त्यांच्यापैकी ज्याचा आवाज मोठा तो ठरवतो.