खेळाचा पडदा कोठे असावा?

वार्षिक परीक्षा संपली, की बेळगावात काय किंवा निपाणीत काय, अनेक घरांतून एक वाद सुरू होतो. खेळांसाठी संगणकाचा मोठा मॉनिटर घ्यावा, की त्याच पैशांत टी.व्ही. घ्यावा? वडीलधाऱ्यांस हा प्रश्न पोरकट वाटतो. आम्हांस तो तसा वाटत नाही; कारण या निवडीबरोबर मूल घरात कोठे बसणार, हेही ठरून जाते.

हा भेद जुना आहे. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी टेनिसचा खेळ रचला, तो ऑसिलोस्कोप या उपकरणाच्या चिमुकल्या पडद्यावर. पुढे १९७२ साली ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ हे खेळाचे यंत्र तेथे विक्रीस आले, ते मात्र घरच्या टी.व्ही.ला जोडावयाचे होते. एका पडद्याचा वंश प्रयोगशाळेतला, तर दुसऱ्याचा बैठकीतला!

मॉनिटरचे गुण आम्ही नाकारीत नाही. साधा पडदा सेकंदास ६० चित्रे दाखवितो, तर खेळासाठी बनविलेले कित्येक मॉनिटर १४४ दाखवितात. शिवाय टी.व्ही. चित्र सुंदर करण्यासाठी त्यावर संस्कार करीत बसतो, आणि तेवढ्यात बटण दाबणे व चेंडू हलणे यांत अंतर पडते. काही संचांवर देवनागरीच्या मात्रा आणि रफार जवळून पुसट दिसतात. तेव्हा निबंध लिहावयाचा असेल, तर मॉनिटरच बरा.

परंतु आकाराचा मोह फसवा असतो. २७ इंची पडदा दोन फुटांवरून डोळ्यांस जेवढा दिसतो, तेवढाच ५४ इंची पडदा चार फुटांवरून दिसतो. म्हणून टेबलावर ४३ इंची मॉनिटर मांडणे म्हणजे नाटकगृहात पहिल्या रांगेत बसून मान वळवीत राहणे होय. टी.व्ही.चा विलंबही आता असाध्य राहिलेला नाही. बहुतेक नव्या संचांत ‘गेम मोड’ असतो. तो चालू करताच चित्रावरील अनावश्यक संस्कार थांबतात आणि विलंब पुष्कळ कमी होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, हेही पालकांनी ध्यानी घ्यावे.

आमचे मत स्पष्ट आहे. अभ्यासासाठी बेताचा मॉनिटर असावा. खेळाचा मोठा पडदा मात्र सोप्यातला टी.व्ही.च असावा. सोप्यातला खेळ चारचौघांसमोर चालतो. धाकटे भावंड आपली पाळी मागते, आजी ‘हा कोण रे पळतोय?’ म्हणून विचारते, आणि जेवणाची हाक ऐकू येते. दार लावलेल्या खोलीत यांपैकी काहीच घडत नाही. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा २०२५ साली संसदेस करावा लागला. असे व्यसन एकांतात वाढते; घरच्यांच्या देखत ते लवकर ध्यानी येते.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की टी.व्ही. एक आणि मागणारे पाच. आजीची मालिका, वडिलांच्या बातम्या आणि क्रिकेटचा सामना यांतून खेळास वेळ कसा मिळावा? आम्ही म्हणतो, ही अडचण नसून शिकवण आहे. वेळ वाटून घेण्यास जो घरात शिकला, त्यास बाहेर कोणाशी भांडावे लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २०२३ साली हांगचौ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत ई-स्पोर्ट्सला पदके होती. तेथवर जाऊ इच्छिणाऱ्यास शीघ्र मॉनिटर हवाच. हे आम्हांस मान्य आहे. परंतु असा खेळाडू शेकड्यांत एखादा. त्याच्यासाठी उरलेल्या नव्याण्णवांनी एकांत का पत्करावा?

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, दुकानात जाण्यापूर्वी फूटपट्टी घ्या आणि बसावयाच्या जागेपासून भिंतीपर्यंतचे अंतर मोजा. घरी टी.व्ही. असेल, तर नवा मागण्यापूर्वी त्यातला ‘गेम मोड’ शोधा; कदाचित एक पैही खर्चावी लागणार नाही. आणि पालकांस आमची विनंती एवढीच, की मुलांना सोप्यात खेळू द्यावे आणि अधूनमधून दुसरा कंट्रोलर स्वतः हाती घ्यावा.