विश्वासू गवंडी कोठे मिळतो?

(तृतीय वर्ष कला)

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. नवे घर बांधण्याचे सोडाच, गच्चीची गळती थांबवायची किंवा न्हाणीघराची फरशी बदलायची म्हटले तरी जळगाव-धुळ्याकडच्या मध्यमवर्गीय माणसाच्या पोटात गोळा येतो. पैशाची चिंता असतेच. पण त्याहून मोठा प्रश्न असतो, विश्वासू माणूस कोठे मिळेल?

हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी ऐकू येतो. माझे वडील गवंडी आहेत. कॉलेजात मित्रांच्या बोलण्यात ऐकतो, "हे मिस्तरी लोक सगळे लबाड. उचल घेतात आणि तोंड दाखवत नाहीत." रात्री घरी जेवताना ऐकतो, "काम संपेपर्यंत मालकाला सगळं छान दिसतं. शेवटचे पैसे मागितले की त्याला भिंत वाकडी दिसायला लागते." यांतले कोणीच खोटे बोलत नाही. दोन्ही बाजू खऱ्या असतील तर दोष केवळ माणसांचा नसून व्यवहाराच्या रीतीचा असला पाहिजे, असे मला वाटते. त्या रीतीविषयी हे चार शब्द.

जुन्या काळी माणसे प्रामाणिक होती, असे वडीलधारी मंडळी सांगतात. खानदेशातल्या खेड्यांत धाब्याची घरे असत. लाकडी सरे, त्यांवर मातीचा जाड थर, आणि पावसाळ्याआधी त्यावर पुन्हा माती टाकून चोपणे. गावचा सुतार, लोहार बलुतेदार असे. त्याला सुगीत धान्य मिळे. तो उचल घेऊन पळत नसे हे खरे. पण तो पळणार कोठे? त्याचे काम जन्माने ठरलेले, मोबदला गावाने ठरवलेला, आणि 'नाही' म्हणण्याची सोय त्याला जवळजवळ नव्हतीच. त्याला विश्वास म्हणण्यापेक्षा बांधिलकीची सक्ती म्हणणे योग्य. ती गेली याचे मला दुःख नाही. तिच्या जागी आपण काय आणले, हा खरा प्रश्न आहे.

शहरात तर ही व्यवस्था पहिल्यापासूनच पुरी पडणारी नव्हती. धुळ्याचेच पाहा. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे खानदेशाचे मुख्य ठाणे केले आणि नवी पेठ वसवली. सरकारी कचेऱ्या बांधायला कारागीर लांबून आणावे लागले. वसायला येणाऱ्यांना बिनभाड्याच्या जागा दिल्या, घरे उभारायला आगाऊ रकमा दिल्या. म्हणजे या शहराची उभारणीच परक्या कारागिरांच्या हातांनी आणि आगाऊ पैशांवर झाली. उचल ही काही आजच्या मिस्तरींनी काढलेली युक्ती नव्हे. ज्याच्या घरात आठवड्याचे धान्य आठवडेबाजाराला भरले जाते, तो उचलीशिवाय बिगाऱ्याला काय देणार?

आज आपण काय करतो? सकाळी आठ वाजता चौकात उभ्या असलेल्या अनोळखी माणसाशी दोन मिनिटे घासाघीस करतो आणि आयुष्याची पुंजी घातलेले घर त्याच्या हाती देतो. नाहीतर 'ओळखीचा माणूस' शोधतो. ओळखीचा म्हणून दर विचारायला आपल्याला संकोच, आणि ओळखीचे म्हणून पैसे मागायला त्याला संकोच. काम संपते तेव्हा दोघांच्या मनात दोन वेगळे आकडे असतात. भांडणाचे बी तेथेच पेरले जाते.

वडिलांबरोबर सुट्टीत कामावर जाताना मला दिसले की बहुतेक तंटे तीनच गोष्टींवरून होतात.

पहिली गोष्ट मापाची. गिलाव्याचा दर फुटावर ठरतो. पण दारे-खिडक्यांची जागा मापातून वजा करायची की नाही, हे कोणी बोलत नाही. मालक वजा करतो, मिस्तरी करत नाही. मिस्तरीचे म्हणणे असते की चौकटीच्या कडा काढायलाच जास्त वेळ जातो.

दुसरी गोष्ट मालाची. 'सिमेंट कमी घातले' ही नेहमीची तक्रार. परंतु एकास चार की एकास सहा, हे आधी ठरलेलेच नसते, मग कमी कशाच्या मानाने? वाळू कोणी आणायची, ती चाळायची कोणी, उरलेला माल कोणाचा, हेही अधांतरी.

तिसरी गोष्ट पाण्याची, आणि खानदेशात ती सर्वांत महत्त्वाची. काँक्रीट नुसते वाळून पक्के होत नाही, ते ओले राहून पक्के होते. २००० सालच्या भारतीय मानकाप्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रिटला किमान ७ दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटच्या काँक्रिटला किमान १० दिवस ओलावा हवा. हवा उष्ण आणि कोरडी असेल तर त्याहून अधिक. आपला मे महिना कसा असतो हे सांगायला नको. नळाला पाणी दिवसांआड, गवंडी दुसऱ्या कामावर गेलेला, आणि मालकाला वाटते की पाणी मारणे हे गवंड्याचे काम. स्लॅबला तडे जातात. पहिल्या पावसात गच्ची गळते. मग 'मिस्तरी लबाड' हा निकाल तयारच असतो.

लबाडी मुळी नसतेच असे माझे म्हणणे नाही. आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी गळती थांबवण्याचे सगळे पैसे एका ठेकेदाराला आधीच दिले. तो दोन दिवस काम करून गेला तो परत आलाच नाही. त्यांच्या फंडाचे पैसे होते ते. तसेच माझ्या वडिलांचेही एका बंगल्याच्या गिलाव्याचे शेवटचे पैसे 'रंग झाल्यावर बघू' या एका वाक्यात बुडाले, त्या वर्षीची माझी फी उसनवारीवर भरावी लागली. दोन्हीकडे कागद नव्हता. शिक्षकांना तो मागायची लाज वाटली आणि वडिलांना तो लिहिता येत नव्हता.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. १९९३ च्या दुरुस्तीने ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणीला 'सेवा' धरले गेले, आणि २०१९ च्या नव्या कायद्यातही तसेच आहे. ठेक्याने दिलेल्या कामात फसवणूक झाली तर दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे जाता येते. पण तेथे गेल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो, पुरावा काय? दुसऱ्या बाजूला, बांधकाम कामगारांसाठी १९९६ साली केंद्राचा कायदा झाला आणि २०११ मध्ये महाराष्ट्रात त्यांचे कल्याणकारी मंडळ स्थापन झाले. तेथे नोंदणी करायची तर वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ज्याने चार दिवस एकाकडे आणि सहा दिवस दुसऱ्याकडे काम केले, त्याला सही कोण देणार? सही मागितली की मालकाला वाटते, आपण कशात तरी अडकू. परांचीवरून पडून ज्याचा पाय मोडतो, त्याला त्या न मिळालेल्या सहीची किंमत कळते.

विश्वासू माणसाची व्याख्याही आपण चुकीची करतो. ज्याच्या कामात अडचण येतच नाही तो विश्वासू, असे आपण समजतो. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये सहायक अभियंता म्हणून खानदेशात आले. पांझरेच्या पात्रातून नळ टाकण्याच्या त्यांच्या कामातही पुराने अडथळे आणले होते. त्यांनी काम पावसाळ्यानंतर करावे असे वरिष्ठांना लेखी कळवले; वरिष्ठांना ते रुचले नाही, तेव्हा त्यांनी ते काम पुरेही करून दाखवले. अडचण सर्वांनाच येते. ती वेळेवर सांगतो तो विश्वासू. आणि अडचण सांगणाऱ्याचे ऐकून घेतो, तो मालकही विश्वासू.

म्हणून माझे मत असे की विश्वासू गवंडी तयार मिळत नाही. विश्वास व्यवहारातून उभा करावा लागतो. त्याची रीत अवघड नाही. मिस्तरीने केलेले, निदान एक पावसाळा पाहिलेले काम जाऊन पाहावे. सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला नुसत्या दरासाठी काम देऊ नये. एका कागदावर काम, माप, मालाचे प्रमाण, माल कोणाचा, पाणी कोणी मारायचे, दिवस किती आणि पैसे कोणत्या टप्प्याला किती, एवढे लिहावे, मोठ्याने वाचून दाखवावे आणि दोघांनी सह्या कराव्यात. थोडी रक्कम पहिल्या पावसापर्यंत राखून ठेवायची असेल तर ती आधी सांगून ठेवावी. बाकीची मजुरी मात्र बाजाराच्या दिवसाआधी हातात पडावी.

आता यात आपला संबंध काय, असे माझे वर्गमित्र विचारतील. आपण कला शाखेचे विद्यार्थी. आपल्याला भिंत बांधता येत नाही, पण चार ओळी स्वच्छ मराठीत लिहिता येतात, आणि या सगळ्या प्रकरणात नेमक्या त्याच चार ओळी कमी पडत आहेत. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांनी एक पानी करारनाम्याचा नमुना तयार करावा, अर्थशास्त्राच्या आणि मराठीच्या प्राध्यापकांनी तो तपासून द्यावा, आणि शिबिराच्या गावी तसेच शहरातल्या कामगार नाक्यावर तो वाटावा. ज्याला लिहिता येत नाही त्याला आपण तो भरून द्यावा, दाखल्याचा अर्जही भरून द्यावा. खर्च काही रिम कागदांचा आहे.

वडिलांना मी हे सांगितले तेव्हा ते अहिराणीत एवढेच म्हणाले, "काम बोलस." काम बोलते, हे खरेच. पण पैसे देण्याच्या दिवशी ते पुष्कळदा ऐकू येत नाही. त्या दिवशी कागद बोलला पाहिजे.